माटोळीचा काळोख रॉ फाइलमधून किती निघतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. गोव्यातल्या साखळीजवळच्या मूळ घरी तुम्ही चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलेत. आयएसओ (मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो ते) १००, शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) १/१२५ सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/४. दिव्यांच्या माळा पांढऱ्याफटक होऊ नयेत म्हणून एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) मुद्दाम कमी ठेवलंत. गणपती बऱ्यापैकी दिसतो, पण वरची माटोळी (फळापानांनी मढवलेली टांगती चौकट) काळीठिक्कर. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज (काळोखे भाग उजळणारा स्लायडर) +१०० केलं, तेही पुरेना म्हणून एक्स्पोजर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) चढवलं, आणि मग जांभळट डाग, आडवे पट्टे आणि सगळ्यावर एक राखाडी पडदा. तुम्ही विचारता, ‘रॉमध्ये सगळं असतं म्हणतात, मग माझ्या फाइलमधून का निघत नाही? कॅमेरा दहा वर्षांचा झालाय, नवा घेऊ का? आईला एक फोटो फ्रेम करून द्यायचाय.’

शेवटचं आधी. कॅमेरा नको, निदान या माटोळीपायी तरी नको. तुमच्या फाइलला तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्ही तुम्ही ‘नॉइज’ (फोटोतली खरखर) या एकाच नावाखाली घातलीत. डागांचं कारण एक, पट्ट्यांचं दुसरं, राखाडी पडद्याचं तर भलतंच. यांत कॅमेऱ्याचा हात आहे तो पट्ट्यांपुरता. बाकीची दोन नव्या कॅमेऱ्यासोबतही पुढच्या चवथीला हजर राहतील.

मी फोंडा महालात गेली वीसेक वर्षं लग्नं, मुंजी, जत्रा आणि घरोघरच्या चवथी टिपतोय, आणि माटोळी मला अजून दमवते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला सुपारीचे घोस, नारळ, निरफणस, चिबूड, कवंडळं, कांगल्या आणि रानातलं काय काय आंब्याच्या टाळांसकट बांधतात. म्हणजे गडद हिरवं आणि तपकिरी, त्यात मधेच लालभडक. मागे धुराने काळवंडलेले वासे. आणि खाली दोन हातांवर एलईडीच्या झोतात न्हालेला देव. फोटोग्राफरला खिंडीत गाठायला याहून बेस्ट योजना कुणाला सुचली नसती.

आता ‘रॉमध्ये सगळं असतं’ या वाक्याकडे येतो. रॉ ही सेन्सरने मोजलेल्या उजेडाची नोंदवही आहे. जे मोजलंच गेलं नाही ते वहीत कुठून सापडणार? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६, १४ बिटमध्ये १६,३८४. हे आकडे ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण सेन्सर उजेड सरळ हिशेबाने मोजतो: उजेड दुप्पट तर आकडा दुप्पट. त्यामुळे या १६,३८४ पैकी निम्म्या पायऱ्या सगळ्यात वरच्या एकाच स्टॉपला जातात, उरलेल्यातल्या निम्म्या त्याखालच्या स्टॉपला, आणि असं निम्मं निम्मं होत खाली माटोळीपर्यंत पोचेतो हातात चिल्लर उरते.

पूर्वी मीही शिकाऊ पोरांना एवढं सांगून थांबायचो. ते अर्धंच कारण आहे. पायऱ्या वाढवल्या तरी मूळ अडचण सुटत नाही, कारण उजेड कणाकणाने येतो आणि त्या येण्यातच चढउतार असतो. एका पिक्सेलवर १०,००० कण पडले तर चढउतार साधारण त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा. एक टक्का; डोळ्याला जाणवतही नाही. त्याच फोटोतल्या काळोख्या पिक्सेलवर १०० कण पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. हा खवखवाट फोटो काढतानाच फाइलमध्ये बसलेला असतो. शॅडोजचा स्लायडर तो निर्माण करत नाही, फक्त उघडा पाडतो. चोर्ला घाट चढताना गाडीतलं रेडिओचं पणजी केंद्र क्षीण होतं, तेव्हा आवाज वाढवला की गाणं वाढतं आणि तेवढीच खरखरही वाढते. तसंच हे.

म्हणून तुमची पहिली चूक लाइटरूममध्ये झालेलीच नाही. ती शटरपाशी झाली. ‘आयएसओ १०० ठेवा, नॉइज येणार नाही’ हा सल्ला इतका पसरलाय की लोक काळोख्या खोलीतही तो पाळतात. आयएसओ १०० चा फायदा तेव्हाच, जेव्हा तुम्ही सेन्सरला पोटभर उजेड देता. उपाशी सेन्सरला आयएसओ १०० काय नि ८०० काय! सेन्सरवर किती उजेड पडतो ते शटर, अॅपर्चर आणि समोरचा प्रकाश ठरवतात. आणि तुमच्यासमोर तर दीड दिवस मखरातून न हलणारा देव होता. १/१२५ कुणासाठी ठेवलंत?

दुसरी गोष्ट त्या माळांची. दिवा हा दिवा आहे. फोटोत तो पांढरा झाला तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण डोळ्यालाही तिथे पांढरंच दिसतं. जपायचं ते वेगळं: मूर्तीचं कपाळ, रेशमी पीतांबराची चमक, हाराची पांढरी फुलं. एवढं वाचलं की माळांना खुशाल जळू द्या. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला वाटतं, मूर्तीचा चेहरा सेन्सरच्या मर्यादेच्या बराच खाली होता. आणखी दोन स्टॉप सहज देता आले असते. दोन स्टॉप म्हणजे चौपट उजेड, आणि त्या हिशेबाने काळोखातला खवखवाट निम्मा.

इथे कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामवर (फोटोत काळोखं किती, उजळ किती ते दाखवणाऱ्या आलेखावर) आंधळा विश्वास नको. तो रॉवरून काढलेला नसतो, कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या जेपेगवरून काढलेला असतो. पिवळ्या दिव्यात जास्वंद, कुंकू, कवंडळ यांचा लाल रंग त्या जेपेगमध्ये लवकर भरतो आणि स्क्रीन लुकलुकायला लागते, तेव्हा रॉमध्ये अजून जागा असते. माझ्या कॅमेऱ्यात अर्धा ते एक स्टॉप. तुमच्यात किती, ते एकदा तपासून घ्या: ट्रायपॉडवर एकाच दृश्याचे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने वाढते सहा फोटो काढा आणि लाइटरूममध्ये हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) कुठवर परत येतात ते बघा. पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली जेपेगच्या रंगांची सेटिंग) न्यूट्रल ठेवलीत तर हिस्टोग्राम जरा खरं बोलतो.

आता तीन दुखण्यांकडे.

जांभळट डाग. समई आणि पिवळे बल्ब यांच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. सेन्सरच्या निळ्या पिक्सेलना आधीच कमी उजेड, त्यात तो काळोखातला. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून साधलेला रंगांचा तोल) बरोबर करताना सॉफ्टवेअर त्या निळ्याला दोन-तीन पटींनी गुणतं, आणि त्याचा खवखवाटही तितकाच गुणला जातो. वर तुम्ही शॅडोज आणि एक्स्पोजर चढवलंत. निळे-जांभळे ठिपके आले नसते तरच नवल. पण सगळं जांभळट नॉइजच असतं असं नाही. तुमच्या फोटोत उजवीकडे खिडकी आहे म्हणता. बाहेर कुळागर (माडा-पोफळींची बाग) असेल तर तिथून येणारा भाद्रपदातला ढगाळ उजेड निळसर-हिरवट असतो. तो माटोळीच्या एका बाजूवर पडतो, देवावर पिवळा दिवा. काळोख आहे तोवर हा फरक लपलेला असतो, उजळलात की उघडा पडतो. डाग खडबडीत असेल तर नॉइज, गुळगुळीत असेल तर खरा उजेड. खऱ्या उजेडाला नॉइज रिडक्शन लावून काही होत नाही. तिथे मास्क टाकून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, त्याचा व्हाइट बॅलन्स बदलावा लागतो.

माझी फजिती सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत डिचोलीकडच्या एका घरची माटोळी मी अशीच कमी एक्स्पोजरने काढली, घरी येऊन हौसेने उजळली आणि बारा बाय अठराची प्रिंट करून दिली. घरातल्या आजींनी फोटो दारात उजेडाला धरला, सुपारीच्या घोसावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हांगा शेवाळ धरलां काय रे?’ प्रिंटचे पैसे मी घेतले नाहीत. त्या सुपाऱ्यांवरचा निळा-हिरवा बुरा मला अजून दिसतो.

पट्टे. हे मात्र कॅमेऱ्याचं. सेन्सरने गोळा केलेला उजेड आकड्यांत बदलताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची थोडी भर घालतं. पूर्वीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हे काम सेन्सरबाहेरच्या चिपवर व्हायचं आणि भर जास्त असायची, कधी ठरावीक रेषांत. पुढे ते सेन्सरवरच होऊ लागलं आणि भर पुष्कळ कमी झाली. तुमचा कॅमेरा कुठल्या जातीचा ते अर्ध्या तासात कळेल. काळोख्या खोलीत ट्रायपॉड लावा. तेच शटर, तेच अॅपर्चर ठेवून एक फोटो आयएसओ १०० ला आणि एक १६०० ला काढा. पहिल्याचं एक्स्पोजर लाइटरूममध्ये चार स्टॉप वाढवा आणि दोन्हींचे काळे कोपरे शेजारी ठेवून बघा. सारखे दिसले तर आयएसओ कॅमेऱ्यात वाढवा की नंतर, तुम्हाला फरक पडत नाही. पहिल्यात पट्टे आणि दुसऱ्यात नाहीत, असं झालं तर यापुढे हातात कॅमेरा धरून, आरती चालू असताना वगैरे, आयएसओ जागेवरच वाढवायचा. हायलाइटची थोडी जागा जाते, पण पट्टे टळतात. तुमचं वर्णन वाचून मी दुसऱ्या निकालावर पैज लावीन.

राखाडी पडदा. याबद्दल कुणी फार बोलत नाही आणि गोव्यात तर हेच निम्म्या तक्रारींचं मूळ असतं. खिडकी किंवा दिव्यांची माळ फ्रेममध्ये असली की तो उजेड लेन्सच्या काचांवर आपटून आत विखुरतो आणि फोटोभर पातळ थर पसरतो. उजळ भागात तो कळत नाही, पण माटोळीच्या काळोखात हाच थर मुख्य होऊन बसतो. मग तुम्ही उजळता ती माटोळी नसतेच, खिडकीचा उजेड असतो! लेन्स स्वच्छ असेल तर थर पातळ. पण आपला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. चवथीपर्यंत तीन महिने हवा ओली, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लेन्सची काय कथा. लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, धुरकट साय दिसली तर बाष्पाचा किंवा तेलाचा थर. दोन्हींना दुरुस्तीवाला लागतो, घरी लेन्स उघडू नका. स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर असल्या प्रसंगी तो काढूनच ठेवा. मी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, आत छोटा आर्द्रतामापक टाकलाय, काटा ४० ते ५० च्या मधे राहील एवढं बघतो. लाइटरूममधलं डीहेझ (धूसरपणा घालवणारा स्लायडर) या पडद्यावर फिरवून लोक खूश होतात, पण त्याने पडदा हटत नाही. काळं अजून काळं होतं आणि नॉइज ठसठशीत दिसतो.

एक छोटी गोष्ट राहिली. माटोळी नेमकी फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांत असते आणि उघड्या अॅपर्चरला लेन्सचे कोपरे तसेही काळवंडतात. लाइटरूममधलं लेन्स प्रोफाइल करेक्शन (लेन्सचे दोष आपोआप सुधारणारी सोय) ते कोपरे गुपचूप उजळतं. म्हणजे तुम्ही स्लायडरला हात लावायच्या आधीच तिथलं नॉइज वाढलेलं असतं. ट्रायपॉड असेल तर भोक लहान करून एफ/८ ला जा.

पुढच्या वर्षी कसं काढाल? मी काय करतो ते सांगतो, तुमच्या घरच्या जागेनुसार आकडे बदलतील. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००. आणि पंखा बंद! माटोळी टांगलेली असते, पंख्याच्या वाऱ्यात सुपारीचे घोस डुलतात आणि लांब शटरला त्यांचं लोणचं होतं. पळणाऱ्या माळा एका स्थितीत थांबवायच्या, जमत नसेल तर त्या मिनिटापुरत्या बंद. तुमच्याच एफ/४ च्या हिशेबाने पहिला फोटो १/३० ला, देवासाठी. दुसरा १/४ ला, माटोळीसाठी. यात देव जळेल, जळू द्या. १/१२५ च्या तुलनेत १/४ म्हणजे पाच स्टॉप, माटोळीला बत्तीसपट उजेड, खवखवाट पाचव्या हिश्शाहूनही कमी. एफ/८ ला गेलात तर दोन्ही वेळा चौपट करा. लाइटरूमचं एचडीआर मर्ज या दोन्हींची एक डीएनजी (रॉचाच एक फाइल-प्रकार) बनवून देतं आणि ती रॉसारखीच हाताळता येते. समईची ज्योत दोन्हींत वेगळी असते, तिथे भूत (दुहेरी आकृती) दिसलं तर डीघोस्ट लावा, नाहीतर फोटोशॉपमध्ये दोन थर ठेवून हाताने मास्क करा. माझा कल हाताच्या कामाकडे. ज्योत पहिल्या फोटोतली, फळं दुसऱ्यातली, हा निवाडा माणसाने केलेला बरा.

उजेडच वाढवणं शक्य असेल तर याहून उत्तम, पण कौलारू घरात फ्लॅश वर मारू नका. काळे वासे तो गिळून टाकतात. बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर टांगून तिच्यावर मारा. अर्थात घरच्यांना विचारून आणि पूजेच्या वेळी नव्हे.

आरतीत माणसं असतात तेव्हा यातलं काही चालत नाही. तिथे मोठ्या अॅपर्चरची लेन्स, चढा आयएसओ, आणि माटोळी काळोखात राहिली तर राहू द्यायची.

आता हातात असलेली फाइल. सगळं शून्यावर आणा. प्रोफाइल अॅडोबी कलरऐवजी अॅडोबी न्यूट्रल करा, म्हणजे अंगचा कॉन्ट्रास्ट जाऊन खरोखर काय हाताशी आहे ते दिसेल. मग व्हाइट बॅलन्स, देवाच्या चेहऱ्यावरून. लाइटरूम क्लासिकमध्ये २०२३ पासून एआयवर चालणारं डिनॉइज आहे, ते या टप्प्यावर, मध्यम जोराने. जास्त जोर दिलात तर कांगल्या मेणाच्या दिसतात. ते हरवलेला पोत ओळखत नाही, अंदाजाने भरतं. त्यानंतर एक्स्पोजर सबंध फोटोला अर्धा ते पाऊण स्टॉप, शॅडोज +३० च्या आसपास, आणि लगेच ब्लॅक्स खाली, फोटोत कुठेतरी खरं काळं दिसेपर्यंत. राखाडीपणा निम्मा इथेच जातो. मग फक्त माटोळीवर ब्रशने मास्क आणि त्यात एक स्टॉप. त्यातही सगळ्या चौकटीवर नको. पुढचा नारळ, सुपारीचा एक घोस, दोन-तीन कवंडळं एवढ्यांनाच उजळा, मागचे वासे काळेच ठेवा. डोळा एवढ्यावर माटोळी पुरी करून घेतो. मोफत हवं असेल तर डार्कटेबल या सॉफ्टवेअरमधलं टोन इक्वलायझर हेच काम छान करतं, फक्त शिकायला थोडे दिवस द्या.

हे करताना लॅपटॉप वसरीवर (ओसरीवर) घेऊन बसू नका. बाहेरच्या उजेडात स्क्रीन काळी वाटते आणि हात आपोआप स्लायडर पुढे नेतो. रात्री तोच फोटो उघडला की धुतल्यासारखा दिसतो. ब्राइटनेस एकदा ठरवा आणि हलवू नका.

आईंची प्रिंट आठ बाय बाराच्या पुढे नेऊ नका आणि मॅट कागद घ्या, त्यावर नॉइज कमी टोचतो. मोठी काढायच्या आधी त्याच फाइलची चार बाय सहाची एक नमुना प्रिंट मागा आणि ती मात्र वसरीवर नेऊन दुपारच्या उजेडात बघा. स्क्रीनवर दिसणारा सगळ्यात खोलचा तपशील कागदावर बुडतो. घोसातल्या सुपाऱ्या वेगवेगळ्या मोजता आल्या तर तीच फाइल मोठ्या प्रिंटला द्या, नाहीतर त्या मास्कमध्ये पाव स्टॉप वाढवून पुन्हा एक चार बाय सहा.